चढ आणि ढाल

मे महिन्यातली दुपार. कूलरमधलं पाणी संपत आलेलं आणि जेवणाच्या टेबलावर दोन पुस्तकं उघडी. एक पुण्याहून आलेल्या भाचीचं, बालभारतीचं दहावीचं गणित भाग २. दुसरं शेजारच्या मुलाचं, अकरावीचं, हिंदी माध्यमाचं. जूननंतर दोघांनाही सरळ रेषा शिकायच्या होत्या, म्हणून सुट्टीतच पाटी-पेन्सिल सुरू झाली होती. तिच्या पुस्तकात लिहिलं होतं 'रेषेचा चढ', त्याच्या पुस्तकात 'रेखा की ढाल'. पुण्याच्या कानाला ढाल म्हणजे ढाल-तलवारीतली, त्यामुळे ती आधी खळखळून हसली. हसू ओसरल्यावर मात्र तिने नेमका प्रश्न विचारला. "मावशी, ह्याची ढाल म्हणजे उतार ना? मग मी ज्याला चढ म्हणते त्यालाच हा उतार कसा म्हणतो? आणि उत्तर तर दोघांचं २ च येतंय!"

माझा जन्म भिलाईचा. वडील नागपूरकडून इथे पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला आले आणि सेक्टरमधल्या क्वार्टरात आमचं घर मराठी राहिलं. शाळा हिंदी, भाजीबाजार छत्तीसगढी. शाळेत मी 'ढाल' शिकले, घरी वडिलांच्या तोंडून 'चढ' ऐकला आणि दोन्ही शब्द इतकी वर्षं डोक्यात शेजारी शेजारी नांदले. ते एकाच रेषेच्या दोन टोकांना तोंड करून उभे आहेत हे त्या मुलीने विचारेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. चढ म्हणणारा पायथ्याशी उभा राहून वर बघतो. ढाल म्हणणारा माथ्यावरून खाली बघतो. मधली रेषा तीच.

त्या दुपारी मुलांना जे सांगितलं आणि नंतर रात्री स्वतःशी जे घोळवलं, ते इथे लिहिते आहे. कवितेच्या दोन ओळींचं रसग्रहण करतात, तसं एका सूत्राचं का करू नये? हे सूत्रही दोन ओळींचंच आहे. एक ओळ भागाकाराच्या रेघेच्या वर, एक खाली.

वर: वाय दोन वजा वाय एक. खाली: एक्स दोन वजा एक्स एक.

रेषेवरचे कोणतेही दोन बिंदू घ्यायचे. दुसऱ्याच्या उंचीतून पहिल्याची उंची वजा करायची, म्हणजे वर किती गेलो ते कळतं. दुसऱ्याच्या आडव्या अंतरातून पहिल्याचं आडवं अंतर वजा करायचं, म्हणजे पुढे किती गेलो ते कळतं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. मुलांचे बिंदू होते २, ३ आणि ६, ११. वर गेलो ११ वजा ३, म्हणजे ८. पुढे गेलो ६ वजा २, म्हणजे ४. आठाला चारने भागलं, उत्तर २. हिशेब इथे संपतो. तिसरीतलं मूल करील असा आहे.

सूत्राची गोडी लागते ती त्याने काय काय टाकून दिलं हे बघायला लागलं की. आत चार संख्या गेल्या, बाहेर एकच आली. वजाबाकीने पहिली गोष्ट पुसली: आपण कुठे आहोत. बिंदू २, ३ वर होता की दोन हजार, तीन हजारांवर, हे वजाबाकीनंतर कुणालाच सांगता येत नाही. उरतं ते फक्त सरकणं. मग भागाकाराने दुसरी गोष्ट पुसली: किती सरकलो. चार पावलं की चारशे, तेही गेलं. जागा गेली, अंतर गेलं, आणि तरी काहीतरी हातात राहिलं. ते जे राहिलं तो रेषेचा स्वभाव. पुढे एक पाऊल टाकलं तर मी तुला दोन पावलं वर नेईन, एवढंच ती रेषा सांगते आणि कुठूनही विचारा, हेच सांगते.

मी मुलांना म्हटलं, त्याच रेषेवरचे दुसरे बिंदू घ्या. भाचीने १०, १९ आणि उणे १, उणे ३ घेतले. वर २२, पुढे ११, उत्तर २. मुलाने हट्टाने लांबचे घेतले: ०, उणे १ आणि १००, १९९. वर २००, पुढे १००, उत्तर पुन्हा २. त्याच्या चेहऱ्यावर जरा निराशाच दिसली. त्याला वाटलं होतं, एवढ्या लांब गेल्यावर तरी काहीतरी बदलेल.

ते बदलत का नाही, हे पुस्तकं एका ओळीत सांगून पुढे जातात. माझ्या मते सगळा धडा त्या ओळीसाठी आहे. रेषेवरच्या दोन बिंदूंमधून एक आडवी आणि एक उभी रेघ काढली की जिन्याच्या पायरीसारखा काटकोन त्रिकोण होतो. जवळचे बिंदू घेतले तर पायरी लहान, लांबचे घेतले तर मोठी. पण कोन तेच राहतात, म्हणून सगळ्या पायऱ्या समरूप असतात आणि समरूप त्रिकोणात बाजूंचं गुणोत्तर हलत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत छायाव्यवहाराची गणितं आहेत: शंकू (उभी काठी), दिवा, सावली यांची मापं. तिथेही हाच त्रिकोण राबतो. काठी लहान असो की मोठी, उन्हाच्या एका वेळी तिची उंची आणि तिची सावली यांचं प्रमाण तेच. लीलावती ११५० च्या सुमाराची, आणि आलेखाच्या कागदावर बिंदूंना आकडे देण्याची रीत रूढ झाली ती १६३७ साली देकार्तचा भूमितीवरचा ग्रंथ आल्यानंतर. हा त्रिकोण त्याआधीच्या कित्येक पिढ्यांनी उन्हात उभं राहून ओळखलेला होता.

ही गोष्ट रेषेचीच मक्तेदारी आहे हेही मुलांना दाखवायला हवं होतं. चौरसाची बाजू १ असेल तर क्षेत्रफळ १, बाजू ३ असेल तर ९, बाजू ५ असेल तर २५. पहिल्या दोन बिंदूंवरून भागाकार केला तर आठाला दोनने, म्हणजे ४. पुढच्या दोनांवरून सोळाला दोनने, म्हणजे ८. बिंदू बदलले की उत्तर बदललं, कारण बाजू आणि क्षेत्रफळ यांचा आलेख वळत जातो. कोणतेही दोन बिंदू घ्या आणि उत्तर तेच येतं, असं जिथे होतं तीच सरळ रेषा. सरळपणाची याहून चांगली व्याख्या मला तरी माहीत नाही. फूटपट्टी लावून बघण्यापेक्षा ती खोल आहे.

भिलाईत सरळपणा ही रोजच्या कामाची गोष्ट. इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार १९५५ चा. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ ला केलं आणि १९६० मध्ये रूळ लाटणारी मिल सुरू झाली. तेव्हापासून देशात टाकलेल्या रुळांचा फार मोठा वाटा इथून गेला आहे. लाल तापलेला रूळ मिलमधून बाहेर येतो तेव्हा सरळ असतो, पण थंड होताना वाकतो. वरचा जाड माथा हळू थंड होतो, खालचा पातळ पाय लवकर, आणि त्या ओढाताणीत रूळ कमान धरतो. म्हणून थंड झाल्यावर त्याला पुन्हा रोलरांच्या रांगेतून काढून सरळ करावं लागतं. वडील म्हणायचे, रूळ लाटणं अर्धं काम, सरळ करणं उरलेलं अर्धं. रुळाच्या कोणत्याही तुकड्यावर दोन बिंदू घ्या, दिशा तीच यायला हवी. सूत्र जे कागदावर मागतं तेच मिल लोखंडाकडून मागते.

आता सूत्रातल्या क्रमाबद्दल, कारण पोरं चुकतात ती इथेच. कोणता बिंदू पहिला आणि कोणता दुसरा याने फरक पडत नाही. उलट केलं तर वर ३ वजा ११ म्हणजे उणे ८, खाली २ वजा ६ म्हणजे उणे ४, आणि उणेला उणेने भागून पुन्हा २. पायथ्याकडून मोजा की माथ्याकडून, रेषा एकच. भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे होतं: तिचा चढ आणि शेजाऱ्याची ढाल एकाच आकड्यावर येतात, कारण सूत्राला कोण कुठे उभं आहे याची पर्वा नाही. फक्त एक शिस्त ते मागतं. वर ज्या बिंदूपासून सुरुवात केली, खालीही त्याच बिंदूपासून करायची. वर ११ वजा ३ आणि खाली २ वजा ६ असं केलं की उत्तर उणे २ येतं. मग चढणारी रेषा उतरायला लागते आणि मुलाला कळतही नाही आपण कुठे घसरलो.

उणे चिन्हाबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. मराठी पुस्तकात 'ऋण चढ' असा शब्दप्रयोग येतो. ऋण चढ म्हणजे उतार. भाषेने एक दिशा शब्दाला दिली आणि दुसरी चिन्हावर सोपवली. हिंदीने नेमकं उलट केलं: 'ढाल' म्हणजे खाली जाणं आणि तरीही धन ढालीची रेषा वर जाते. म्हणजे रोजच्या बोलण्यात विरोधी असलेले हे दोन शब्द गणितात येऊन एकाच अर्थाचे होतात, कारण बाकीचं सगळं त्या लहानशा आडव्या रेघेने सांभाळलं.

आणि मराठीने 'ढाल' पूर्णपणे टाकूनही दिलेली नाही. गवंड्याला विचारा. न्हाणीघराच्या फरशीला तो चढ देत नाही, 'ढाळ' देतो. पाण्याचं काम असेल तिथे ढाळ, चालणाऱ्याचं किंवा ओढणाऱ्याचं काम असेल तिथे चढ. पाणी कधी वर जाण्याचा विचार करत नाही, म्हणून त्याचा शब्द खाली बघणारा. बैल, सायकलस्वार आणि इंजिन यांना वर जाताना दम लागतो, म्हणून त्यांचा शब्द वर बघणारा. गणिताच्या पुस्तकासाठी मराठीने दमणाऱ्याचा शब्द निवडला. मला ही निवड योग्य वाटते. सूत्रही पहिल्या ओळीत हेच विचारतं: वर किती गेलास?

त्याच गवंड्याकडे आणखी दोन हत्यारं असतात, पाणसळ आणि ओळंबा. पाणसळ आडवी रेषा शोधते. तिचा चढ शून्य: पुढे कितीही जा, वर काही नाही, आणि शून्याला शून्य सोडून कशानेही भागलं तरी शून्यच. ओळंबा उभी रेषा शोधतो. तिथे वर कितीही जाता येतं, पण पुढे सरकणं शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. शाळेच्या भाषेत उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही. मुलं इथे 'अनंत' लिहून मोकळी होतात. मला वाटतं, 'ठरवता येत नाही' हेच अधिक खरं आहे. कललेली रेषा आणखी उभी करत न्या, चढ १०, १००, १००० असा वाढत जातो. तीच रेषा पलीकडच्या बाजूने उभी करत आणा, चढ उणे १०, उणे १००, उणे १००० असा उतरत जातो. ओळंब्याच्या रेषेत पोचताना एका बाजूने आकडा आकाशात जातो, दुसऱ्या बाजूने पाताळात. मग कोणता अनंत लिहायचा? सूत्र तिथे गप्प बसतं, आणि ते गप्प बसणंच बरोबर आहे.

हे सगळं आमच्या गावात दाखवायला चढ शोधावा लागतो. भिलाई छत्तीसगढच्या मैदानात, हाताच्या तळव्यासारखी सपाट. इथला कामगार वर्षानुवर्षं सायकलवर पहिल्या पाळीला गेला तो याच सपाटीच्या जोरावर. चढ म्हणून काय ते रेल्वेवरचे पूल, आणि प्लांटमध्ये खनिज आणि कोक वर नेणाऱ्या पट्ट्यांच्या तिरप्या गॅलऱ्या. त्या गॅलऱ्या लांबून बघितल्या तर सगळ्या जवळजवळ सारख्याच तिरप्या दिसतात. त्याला कारण आहे. पट्ट्याचा कोन साधारण १८ अंशांच्या पुढे नेला तर माल मागे घरंगळू लागतो. कोन १८ अंश म्हणजे चढ सुमारे ०.३२, तीन मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. टॅन या गुणोत्तराशी चढाचा संबंध पुस्तकात येतो तो हाच: कोन मोजून टॅन काढा किंवा उंचीला अंतराने भागा, आकडा एकच.

पण चढाचं खरं महाकाव्य वाचायचं तर आपल्या घाटात जावं लागतं. भाची पुण्याची, तिला खंडाळ्याचा घाट पाठ होता, पण त्याचा आकडा ठाऊक नव्हता. रेल्वेवाले तो चढ '३७ ला १' असा सांगतात. ३७ फूट पुढे, १ फूट वर. हे आपलंच सूत्र, फक्त उलटं वाचलेलं: वर किती गेलो हे एक धरायचं आणि त्यासाठी पुढे किती जावं लागलं ते सांगायचं. म्हणून रेल्वेत आकडा लहान तितका चढ कठीण. शाळेतल्या सवयीने वाचणाऱ्याची इथे फसगत होते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बोरघाटाचं, म्हणजे याच खंडाळ्याच्या घाटाचं, काम १८५६ मध्ये हाती घेतलं आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी गेली. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पार पाडलं. तिचं नाव या घाटाबरोबर घेतलं जायला हवं. घाटाची चढण १,८३१ फूट आणि लांबी जवळजवळ १६ मैल. सूत्रात घाला: १६ मैल म्हणजे ८४,४८० फूट, त्याला १,८३१ ने भागलं तर साधारण ४६. म्हणजे पायथा आणि माथा हे दोनच बिंदू घेतले तर घाट ४६ ला १ आहे. मग ३७ ला १ कुठून आलं? भाचीने हे लगेच पकडलं. घाट सरळ रेषा नाही. मध्ये कुठे तो सौम्य होतो, कुठे अंगावर येतो, आणि जिथे सर्वात जास्त अंगावर येतो तिथला आकडा ३७. दोन टोकांवरून काढलेला चढ ही सरासरी. इंजिन सरासरीवर चढत नाही. त्याला सर्वात कठीण तुकड्यावर दम टिकवावा लागतो, म्हणून आखणी करणारे त्या आकड्याला धरून चालतात. कसारा ते इगतपुरी, म्हणजे थळघाट, सुमारे सव्वानऊ मैलांत ९७२ फूट चढतो. सरासरी ५० ला १, आणि सर्वात कठीण तुकडा पुन्हा ३७ ला १. दोन घाट, दोन वेगळ्या सरासऱ्या, पण गाडीला झेपेल ती हद्द दोन्हीकडे तीच ठरवलेली.

३७ ला १ म्हणजे कोन किती? दीड अंशाच्या किंचित वर. कागदावर काढायला घेतलं तर रेषा आडवीच वाटते. ३७ घरं पुढे गेल्यावर कुठे एक घर वर. एवढ्याशा चढासाठी पायथ्याशी, कर्जतला आणि कसाऱ्याला, मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात, यावर मुलांचा विश्वास बसेना. इथे चढाचा आकडा फार सुंदर काम करतो. चढ सौम्य असेल तेव्हा तो आकडा म्हणजे गाडीच्या वजनाचा तेवढा भाग, जो तिला मागे ओढत असतो. गाडी १,००० टनांची असेल तर ३७ ला १ चढावर तिला सुमारे २७ टन मागे खेचतात. पोलादाच्या रुळावर पोलादाचं चाक, पकड आधीच कमी. सपाटीवर जी गोष्ट वरदान, तीच घाटात संकट. शंभराहून अधिक वर्षांनंतर आखलेल्या कोकण रेल्वेने १५० ला १ यापेक्षा कठीण चढ घेतला नाही. त्यासाठी डोंगराला वळसे घालण्याऐवजी त्याच्या पोटातून जावं लागलं आणि दऱ्यांवर उंच पूल उभारावे लागले. त्या मार्गावरचा प्रत्येक बोगदा म्हणजे छेदातला तो १५० राखण्याची किंमत.

स्टेशनात तर ४०० ला १ याहून जास्त चढ सहसा चालत नाही. डोळ्याला तो अजिबात दिसत नाही. पण उभ्या वाघिणीला तो जाणवतो.

आता घाटातून परत भिलाईला येते, कारण मला सर्वात आवडणारा चढ इथे आहे आणि तो कुठल्याच डोंगरात नाही. लहानपणी वडील 'साठ किलोचा रूळ' म्हणायचे तेव्हा मला ते खोटं वाटायचं. मालगाडीवरून जाणारे ते लांबच लांब रूळ, आणि वजन फक्त साठ किलो? आमच्या घरची गव्हाची कोठी त्याहून जड. एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "साठ किलो मीटरमागे." त्या 'मागे' या शब्दात सगळं सूत्र आलं. आडव्या अक्षावर रुळाची लांबी मीटरमध्ये, उभ्या अक्षावर वजन किलोमध्ये. शून्यापासून निघणारी सरळ रेषा, आणि तिचा चढ ६०. आज भिलाईच्या नव्या मिलमध्ये १३० मीटरचा रूळ एकसंध लाटतात आणि असे दोन जोडून २६० मीटरचा करतात. हिशेबापुरते नेमके ६० धरले तर १३० मीटरला ७,८०० किलो, २६० मीटरला १५,६०० किलो. फरकाला फरकाने भागा, ७,८०० ला १३० ने. साठ. रुळाचं नावच त्याचा चढ आहे. तुकडा कितीही लांबीचा कापा, नाव बदलत नाही, कारण लांबी भागाकारात पुसली गेली आहे. आधी जे म्हटलं की सूत्र जागा विसरतं, अंतर विसरतं आणि स्वभाव ठेवतं, ते इथे पोलादात दिसतं.

जुने लोक '९० पौंडी रूळ' म्हणायचे. आकडा साठाहून मोठा, म्हणून मुलाला वाटलं तो जड असणार. पण ते ९० पौंड यार्डामागे, म्हणजे मीटरमागे साडेचव्वेचाळीस किलोच्या जवळपास. घाटाच्या चढाला ही अडचण नाही. फुटात मोजा, मीटरमध्ये मोजा, वर आणि खाली एकच एकक असल्यामुळे ते कटून जातं आणि ३७ ला १ हे ३७ ला १ च राहतं. रुळाच्या वजनात वर किलो आणि खाली मीटर, म्हणून आकड्याच्या मागे एकक उभंच राहतं. तो आकडा एककाशिवाय सांगणं म्हणजे अर्धं वाक्य बोलणं. परीक्षेत मुलं हेच विसरतात आणि बाजारात कुणीच विसरत नाही. भाजीवाली 'वीस' म्हणत नाही, 'वीसला पाव' म्हणते.

आणखी एक चढ त्याच रुळात लपलेला आहे. रेल्वेमार्गावर रूळ अगदी ताठ उभा बसवत नाहीत. दोन्ही रूळ आतल्या बाजूला किंचित कललेले असतात, २० ला १. गाडीच्या चाकाची धावही तशीच निमुळती, २० ला १. त्यामुळे वळणावर गाडी जरा बाहेर सरकली की बाहेरचं चाक त्याच्या मोठ्या घेरावर चालतं, आतलं लहान घेरावर, आणि एकाच आसावर घट्ट बसवलेली दोन चाकं वेगवेगळं अंतर कापू शकतात. पण रुळाचा हा २० ला १ कुठून मोजलेला आहे? जमिनीपासून नाही, ओळंब्यापासून. वीस वर गेल्यावर एक आत. आपल्या सूत्रात घातलं तर चढ २० येईल, कारण आपलं सूत्र नेहमी आडव्यापासून बघतं. रेषा एक, आकडे दोन, आणि दोन्ही खरे. कोणत्या अक्षापासून मोजलं हे विचारल्याशिवाय चढाचा आकडा स्वीकारू नये, हे मी त्या दिवशी मुलांना सांगितलं आणि तेवढं तरी त्यांच्या वहीत लिहिलं गेलं.

चढासाठी एम हेच अक्षर का, असंही भाचीने विचारलं. इंग्रजी पुस्तकात १८४४ साली मॅथ्यू ओब्रायनने ते वापरलेलं दिसतं. चढणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून ते आलं, ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा गोड आहे, पण तिला आधार सापडलेला नाही. अक्षर कुठलंही चाललं असतं.

संध्याकाळी मुलगा जाताना मराठीत म्हणाला, "मौसी, मी आता चढ म्हणणार." भाची म्हणाली, मग मी ढाल म्हणते. मी दोघांना म्हटलं, शब्द काहीही घ्या, वर आणि खाली एकाच बिंदूपासून सुरुवात करा.

तुम्ही कधी नागपूरहून भिलाईकडे याल तर सालेकसा, दरेकसा, बोरतलाव या टप्प्यात खिडकीची जागा सोडू नका. गाडी डोंगरात शिरते, बोगदा लागतो. अशा मार्गावर रुळाच्या कडेला दोन हात असलेले बुटके खांब असतात. वर गेलेला हात म्हणजे पुढे चढ, खाली आलेला म्हणजे उतार, आणि त्यावर एक आकडा. सपाटी असेल तर आकड्याऐवजी इंग्रजी 'एल'. आकडा मोठा दिसला तर चढ सौम्य आहे. लहान दिसला तर इंजिनाच्या आवाजाकडे कान द्या.